जुनी नाव माझी, जुना मी खलाशी

५ फेब्रुवारी

आज स्कूटर दिली आणि बोट घेतली.

हे वाक्य लिहून मी थोडा वेळ नुसता त्याच्याकडे बघत बसलो. पाणीपुरवठा खात्यात सगळी नोकरी गेली, पण एवढं सुंदर वाक्य एकाही फायलीत लिहायला मिळालं नाही.

भंगारवाल्याच्या अंगणात ती पालथी पडली होती. ॲल्युमिनियमची. दोन माणसं ऐसपैस बसतील, तिसरं आलं तर भांडणं होतील, एवढी. तळ्यावरचा नौकाविहार बंद पडला तेव्हापासून ती तिथेच आहे म्हणे. भंगारवाला तिचे तुकडे करून वितळवायला पाठवणार होता.

"अरे, ही नाव आहे," मी म्हटलं.

"काका, माझ्यासाठी हे वजन आहे."

जगात दोनच प्रकारची माणसं असतात. आज ती त्या अंगणात समोरासमोर उभी होती.

शाळेच्या पुस्तकात नावेवरच्या कवितेशेजारी एक चित्र होतं. नाव, नावेत एक म्हातारा, मागे डोंगर. कविता पाठ होती. चित्रातल्या म्हाताऱ्याला मी शाईने मिशा काढल्या होत्या. आज आरशात पाहिलं तर तोच.

बोट हातगाडीवरून उतरवली तेव्हा ही दारात उभी होती.

"स्कूटर निदान कधीकाळी चालायची," म्हणाली.

"ही चालत नाही गं. तरंगते."

"कुठे? अंगणात?"

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. जेवणं झाल्यावर तिने पुन्हा तोच विषय काढला. हे घर विकायचं आणि आम्ही दोघांनी तिच्या इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं. "लिफ्ट आहे, बाबा." लिफ्टचं कौतुक ती असं करते, जणू मला रोज स्वर्गातच जाऊन यायचं आहे.

मी तिला पुन्हा समजावलं. आपल्या वरच्या खोलीच्या खिडकीतून तळ्याची एक चिंधी दिसते. संध्याकाळी ती चिंधी आधी सोनेरी होते, मग जांभळी, मग विझते.

"तुझ्या फ्लॅटमधून काय दिसतं?"

"पार्किंग."

"बघ."

"आई, तू बोल ना काहीतरी."

ही आत भांडी आवरत होती. "मी काय बोलू? ह्यांना पाणी दिसतंय ना, मग झालं."

किती समजूतदार. हिचा जीव ह्या घरात गुंतला आहे हे आमच्या लेकीला कळतच नाही.

मला एकदम सुचलं. म्हटलं, "ऐक. ही बोट मी दुरुस्त करतो आणि तळ्यात घालतो. तरंगली, तर घर विकायचा विषय कायमचा बंद. बुडाली, तर मी स्वतः सामान बांधतो."

लेक हसायला लागली. पण ही हातातलं पातेलं खाली ठेवून बाहेर आली.

"पुन्हा बोला."

मी पुन्हा बोललो.

"लेक साक्षीला आहे. शब्द फिरवायचा नाही. कुणीच नाही," असं म्हणून हिने हात पुसले.

माझ्या कारागिरीवर हिचा एवढा विश्वास असेल असं वाटलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

बोट गळते कुठे हे बघायचं तर तिच्यात पाणी भरायचं. बोट विटांवर चढवायची, आत नळ सोडायचा आणि बाहेरून बघत बसायचं. उलटा कारभार. पाणी आत येतं कुठून हे कळण्यासाठी ते बाहेर जातं कुठून ते बघायचं.

नेमका आज पाणीकपातीचा दिवस. अंगणात पाण्याची नळी चालू दिसली म्हणून मी लोकांना किती नोटिसा पाठवल्या असतील, त्याचा हिशेब नाही. आज टाकी रिकामी करून बोट भरली. शेजारचे पंचनामा कुंपणावरून बघत होते. हे गृहस्थ विमा कंपनीतर्फे ठोकलेल्या मोटारी तपासायला जायचे. अजूनही समोर काहीही आलं तरी ते त्याचा पंचनामाच करतात. म्हणून आम्ही त्यांना मागे पंचनामा म्हणतो, आणि हल्ली समोरही.

"साहेब, पाणी चाललंय वाया," ते म्हणाले.

"वाया नाही, शोधाला चाललंय."

बोट भरली, आणि सगळीकडून एकदम रडायला लागली. तळाच्या शिवणीतून थेंब, बाजूच्या पत्र्यातून थेंब, मागच्या बाजूला तर चक्क धार. ती धार बूच बसवायच्या भोकातून होती. बोट काठावर ओढल्यावर आतलं पाणी सोडून द्यायला मागे तळाशी एक भोक असतं, त्याला रबरी बूच लागतं. मी ते शोधून बसवलं. धार थांबली. थेंब काही थांबेनात.

ही शिवणकामाचा खडू घेऊन बाहेर आली. घरात हिने वर्षानुवर्षं शिवणाचा क्लास चालवला. स्टूलवर बसून एकेका थेंबाभोवती तिने गोल काढले. "उसवलीय सगळी," म्हणाली. "धागा सुटलाय. नवीन टाके घालावे लागतील."

"टाके नाहीत, रिव्हेट म्हणतात."

"तेच ते."

१९ फेब्रुवारी

दिवसभर जुना रंग खरवडला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल. प्रत्येक साहेबाने आपला रंग लावलेला दिसतो. आमच्या खात्यातल्या भिंतीही अशाच होत्या.

ही मला हल्ली शिपायासारखं राबवते. "वरून चष्मा आणा." "वरून कात्री आणा." "वर माझी शाल राहिलीय." चढउतार करून माझी पोटरी भरून आली. स्वतः मात्र खालून हुकूम सोडते. निवृत्तीनंतर मला साहेब मिळाला तो असा.

आणि हो, जिन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा आला आहे. खालपासून वरपर्यंत. ओल असणार. नळजोडणीवाल्याला बोलवायला हवं, तोवर मीच खरवडून चुना मारला.

२ मार्च

मागच्या फळीचं लाकूड कुजून भुसा झालं होतं. बोटीचा सगळा मागचा भाग त्याच्यावर तोललेला. नवीन फळी कुठून आणावी ह्या विचारात होतो, तर ही म्हणाली, "माझं कापड बेतायचं टेबल कापा."

मी चाट पडलो. त्या टेबलाला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. एकदा मी त्यावर गरम चहा ठेवला होता, तर अबोला झाला होता.

"अगं, तुझं टेबल?"

"आता कुठे घेऊन जाऊ ते?"

"कुठे जायचंय तुला?"

"तुम्ही कापा हो."

हा उत्साह! आज माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुशामुळेही असेल.

फळी झकास बसली. तिच्यावर अजून इंचांच्या खुणा आहेत. बोटीत बसल्या बसल्या कुणालाही शर्ट बेतता येईल.

९ मार्च

रिव्हेट म्हणजे टोपी असलेला बोटाच्या पेरापेक्षा लहान खिळा. तो बाहेरून भोकात घालायचा. बाहेर टोपीवर एकाने जड लोखंड दाबून धरायचं, आतून दुसऱ्याने शेपटी ठोकून चपटी करायची. म्हणजे माणसं दोन लागतात, आणि मधल्या पत्र्यामुळे ती एकमेकांना दिसत नाहीत. संसाराची ही इतकी नेमकी उपमा मला एकाही कवितेत भेटली नव्हती.

पंचनामा मदतीला आले. त्यांनी लोखंड धरलं, आणि प्रत्येक घावानंतर उठून आत बघायला आले. दुपारपर्यंत एक रिव्हेट झाला. त्याचाही त्यांनी पंचनामा केला आणि तो वाकडा ठरवला.

मग ही म्हणाली, "सरा."

स्टूल ओढलं, आणि क्लासमधली ती जुनी बिडाची इस्त्री आणली. कोटाच्या घड्या बसवायची, भलतीच जड, बूड आरशासारखं गुळगुळीत. बोट कुशीवर कललेली होती. बाहेरून इस्त्रीचं बूड टोपीवर टेकवून ती बसली. बोटात शिवणकामाची लोखंडी टोपी, अंगुस्तान. पत्र्यावर तिने एक टक केलं की ती तयार, मी ठोकायचं. दोन टक केले की थांबायचं. बोलायचंच नाही.

टक.

मी भुजंगप्रयातात ठोकायला लागलो. एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. शाळेत मास्तर बाकावर डस्टर आपटून असंच शिकवायचे. ही त्याच शाळेतली, माझ्या मागच्या वर्गात, त्याच मास्तरांची.

टक टक.

"काय झालं?"

"सरळ मारा. कविता नको."

माझे पहिले चार रिव्हेट वृत्तात बसले होते, पण भोकात बसले नव्हते.

१५ मार्च

आता हात बसला आहे. रोज थोडे थोडे करतो. वृत्त मी सोडलेलं नाही, फक्त मनात म्हणतो आणि घाव सारखे घालतो. हिने हे ओळखलं. म्हणाली, "शेवटचा घाव जरा जास्तच जोरात येतो. ओळ संपते वाटतं तिथे."

पत्र्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती. एवढं आम्ही गेल्या कित्येक वर्षांत बोललो नसू. मास्तर, मास्तरांचा विग, त्या विगावर मी केलेली आणि वर्गभर फिरलेली कविता. ती मागच्या वर्गातल्या मुलींच्या बाकांवरही पोचली होती हे मला आज कळलं.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"वाईट होती."

मग मला एक ओळ सुचली. हातोडी थांबवून म्हणून दाखवली.

जुनी नाव माझी, जुना मी खलाशी

पलीकडे इस्त्री खाली टेकली. मग पत्र्यातून आवाज आला,

जुनी बायको अन् जुने दोन पाय

मी थक्क झालो. बोटांवर मोजून पाहिलं, अक्षर न् अक्षर वृत्तात. शेवटचं अक्षर लघु आहे, पण ओळीच्या शेवटी तेवढी सवलत असते. मी तिला तसं सांगितलं. मोठ्या मनाने.

"एवढंच दिसलं तुम्हाला?" ती म्हणाली.

दुसरी कुठली चूक मला तरी सापडली नाही.

२१ मार्च

आज रिव्हेट ठोकताना ही पलीकडून काहीतरी बोलली. लांबलचक होतं. घावांच्या आवाजात काही कळलं नाही. थांबून विचारलं, "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"अगं, सांग की."

"मी म्हटलं, बोट गळता कामा नये. एकही थेंब नको."

बोलली त्यापेक्षा हे फारच थोडं वाटलं. मग टक झालं, मी ठोकायला लागलो.

ही हल्ली खाली शिवणाच्या खोलीतच झोपते. माझ्या घोरण्याचं निमित्त सांगते. मी घोरतो हे तिला आत्ता, आजी व्हायच्या वयात कळलं. अंघोळीला मात्र वर यावंच लागतं, न्हाणीघर वर आहे. तेही हल्ली एक दिवसाआड. पाण्याची बचत. आमच्या खात्याचे संस्कार.

जिन्यातला पट्टा पुन्हा उमटू लागला आहे. चुनाच खराब असावा.

६ एप्रिल

पुन्हा पाणी भरलं. खडूचे गोल अजून होते. आम्ही दोघं बाहेर बसून वाट बघत राहिलो. एकही थेंब नाही. पंचनामांनी खाली वाकून, बोट लावून, वास घेऊन प्रमाणपत्र दिलं, "कोरडी आहे."

मला वाटलं होतं ही आनंदाने काहीतरी बोलेल. तिने पत्र्यावरून हात फिरवला, तिच्या हातच्या चांगल्या शिवणीवरून फिरवते तसा. "चांगली झाली," म्हणाली. मग पदराने खडूचे गोल एकेक करून पुसले. मग म्हणाली, "वर जाऊन माझा चष्मा आणता?"

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी तसं सांगितलं नाही, नुसताच वर जाऊन आलो. मलाही चिंधी बघायची होती.

१३ एप्रिल, रविवार

पराभवाचं वर्णन थोडक्यात करावं. पण मी करणार नाही.

सकाळी टेम्पो यायच्या आधी हिने बोट धुवायला काढली. "लोकांच्या तळ्यात धुळीची बोट घालणार का?" मी दोन बादल्या पाणी आणून दिलं आणि कपडे बदलायला वर गेलो. खाली आलो तर बोट लखलखीत, टेम्पो दारात, आणि ही नव्या चपला घालून तयार.

"तू कुठे?"

"बोटीत."

तळ्यावर लेक आली होती. हातात छत्री आणि मोबाईल. पंचनामाही आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तिथल्या राखणदाराने आम्हाला फुगीर जाकिटं दिली. ती घालून आम्ही दोघं गाद्यांच्या दुकानासारखे दिसत होतो.

मी पुढे बसलो, वल्हं घेऊन. ही मागे, तिच्याच टेबलाच्या फळीवर. पायाखाली तिने घडी घातलेलं फडकं घेतलं होतं. नव्या चपला खराब नकोत म्हणून. राखणदाराने ढकललं, आणि खालचा चिखलाचा खरखर आवाज एकदम बंद झाला.

ते बंद होणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. काहीच लागत नाही खाली. आपण नुसते आहोत.

मी वल्हवत होतो. बोट जरा गोल फिरते हे खरं, पण आपण जातो तिकडेच आपल्याला जायचं होतं असं धरलं की काही अडचण येत नाही. मधोमध गेल्यावर मी आमचं घर शोधलं. सापडलं. वरची खिडकी एवढीशी, चिंधीसारखी. इतकी वर्षं मी तिकडून इकडे बघत होतो. मी मोठ्याने कविता म्हणायला लागलो. शाळेतली, मग माझी, मग जी आठवेल ती. मागून ही विसरलेले शब्द पुरवत होती. मी एकदा मान वळवून पाहिलं. ती पाय घट्ट रोवून, जराही न हलता बसली होती. मला वाटलं घाबरली आहे.

"भीती वाटते का गं?"

"नाही. म्हणा तुम्ही. अजून एक फेरी मारा."

आम्ही दुसरी फेरी मारली. मग तिसरी. काठावर लेक हात हलवत होती. तरंगली, तरंगली असं काहीतरी ओरडत होती. मी जिंकलो होतो.

"झालं मनासारखं?" हिने मागून विचारलं.

"अगदी."

"मग आता काठाकडे घ्या."

काठ दोन वल्ह्यांच्या अंतरावर आला असेल, तेव्हा माझ्या पायाला गार लागलं. आधी तळवे, मग घोटे. मागे वळलो. ही पाय वर घेऊन बसली होती, चपला हातात, आणि मागच्या भोकातून पाणी असं आत येत होतं जसं काही त्याला वेळेवर कामावर हजर व्हायचं होतं.

"बूच!" मी म्हटलं.

"नाहीये वाटतं," ही म्हणाली.

गुडघाभर पाण्यात आमची नाव अगदी सावकाश, सभ्यपणे खाली बसली. आम्ही दोघं त्या जाकिटांत तसेच बसून राहिलो. ही हसायला लागली. एवढी हसली की राखणदाराला वाटलं तिला काही झालं.

पंचनामा पँट वर करून पाण्यात आले, सगळीकडून फिरले आणि म्हणाले, "रिव्हेट सगळे शाबूत. शिवण शाबूत. बूच गैरहजर."

मी गळलो. चूक माझीच. बोट धुतल्यावर आतलं पाणी सोडायला बूच काढलं असणार, आणि ते परत लावलं की नाही हे बघायचं काम कप्तानाचं. माझा चेहरा बघून लेकीला वाईट वाटलं. ती म्हणाली, "बाबा, जाऊ दे. तीन फेऱ्या मारल्यात. आपण तरंगली असंच धरू. घर राहू दे."

मी मान वर केली.

"नाही," ही म्हणाली. हसणं थांबलं होतं. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत होतं. "बुडाली म्हणजे बुडाली. शब्द फिरवायचा नाही."

हिचं बोलणं मला लागलं. हे मी लिहून ठेवतो.

२० एप्रिल

बोललो नाही तिच्याशी. ती बोलली, तेवढ्याला हं म्हटलं.

सामान बांधायला मीच बसलो, शब्दाप्रमाणे. पुस्तकं, पातेली. हिच्या शिवणाच्या खोलीत बटणांचा मोठा डबा आहे, तो कागदात गुंडाळायला उचलला तर आत काहीतरी भलतंच मोठं खुळखुळलं. उघडला. कोटाची बटणं, फ्रॉकची बटणं, आणि मधोमध काळं, रबरी, ओळखीचं बूच. पुसून, कोरडं करून ठेवलेलं.

मी आधी म्हटलं, बघा, किती व्यवस्थित बाई. कुठे पडलेलं सापडलं आणि उचलून ठेवलं.

मग डबा मांडीवर घेऊन मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. पायाखालचं ते फडकं आठवलं. रोवलेले पाय. "अजून एक फेरी मारा."

तेवढ्यात ती वरून उतरायला लागली. अंघोळ करून. मी खाली आहे हे तिने पाहिलं नव्हतं. ती आडवी उतरत होती. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबायचं. दात आवळलेले. आणि तळहात भिंतीवर, सगळा भार देऊन. पायरीगणिक तो पुढे सरकत होता. नेमका त्या काळपट पट्ट्यावरून. मी दोनदा खरवडून चुना मारला, तरी ती ओल परत आली होती.

जुने दोन पाय. आणि मी तिला लघु-गुरु सांगत बसलो.

मी गुपचूप डब्याचं झाकण लावलं. पण तिने डबा पाहिला. मधल्या पायरीवर थांबली.

"बूच सापडलं का हो?"

"नाही."

"मग नवीन घ्या. लेकीच्या बाजूलाही एक तळं आहे म्हणे. बस बदलून जावं लागतं."

"घेतो. पण पुढच्या वेळी बोट मी धुणार."

ती बघत राहिली माझ्याकडे. मग भिंतीवर बोटाने एक टक केलं.

एक टक म्हणजे ती तयार. मी चार पायऱ्या चढून वर गेलो आणि तिच्या पुढे पाठमोरा उभा राहिलो. तिने भिंतीवरचा हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. बाई चांगलीच जड आहे. बरीच वर्षं ते भिंतीलाच माहीत होतं.

आता सदऱ्यावर पट्टा पडणार.